निळ्या पत्रातली उरलेली जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

नवीन काम. हरेशशेठने त्याच्या कॅम्प दोनमधल्या टायपिंगच्या दुकानातून अंबरनाथला एका प्रोफेसरांच्या फ्लॅटवर पाठवलं. तीन आठवडे. "बडा आदमी है," म्हणाला. "त्याच्या चुका काढत बसू नको. तीन लग्नपत्रिकावाले गेले तुझ्यामुळे." तीन नाही, दोन.

सरांचं नाव हरिचंद्र. बारवी धरणाजवळच्या पाड्यातले, म्हणजे आमच्याच पाड्यातले. १९८४ला अमेरिकेला गेले. इंग्रजीत पाच कादंबऱ्या लिहिल्या. तिकडच्या विद्यापीठात पोरांना कादंबरी लिहायला शिकवतात – तेहतीस वर्षं! हे शिकवता येतं हे मला माहीत नव्हतं. आता मराठीत आत्मचरित्र करायचं आहे. ते सांगणार, मी टाइप करणार. चाळीस वर्षांत त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ गेले आहेत.

मी बारावी नापास आहे हे आधीच सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा बरं.

५ फेब्रुवारी

बारा पानं. चुका शून्य. दोनदा तपासली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांनी बहिणीची पत्रं दाखवली. निळी हवाईपत्रं, तारखेप्रमाणे लावलेली. बहीण म्हणजे ठमाआत्या, अजून पाड्यावरच असते. ती शाळेत गेली नाही. ती सांगायची, कोणीतरी लिहून द्यायचं. "हीच माझी खरी गुरू," सर म्हणाले. त्यांची पहिली कादंबरी तिच्या पत्रातल्या पांढऱ्या बैलावर आहे – विकलेला बैल धरणाचं पाणी पोहून घरी परत येतो.

'कोणीतरी' म्हणजे कोण, ते सरांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. अक्षर माझ्या बाबांचं आहे.

८ फेब्रुवारी

बाबा सातवी पास. पाड्यावर सगळ्यांची पत्रं तेच लिहायचे. आता बदलापूरला एका सोसायटीत वॉचमन आहेत. डबा द्यायला गेलो तेव्हा विचारलं. म्हणाले, ठमाबाई दोनच वाक्यं सांगायची – आम्ही बरे आहोत, तू बरा आहेस का. बाकी सगळा कागद कोरा राहायचा. एवढ्या लांब कोरा कागद कसा पाठवायचा? म्हणून ते भरायचे.

"आणि बैल?"

"त्यांच्याकडे शेळी होती," बाबा म्हणाले आणि एका गाडीला गेट उघडायला उठले.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सातवं प्रकरण. सरांची आई १९९३च्या मे महिन्यात गेली. तेव्हाचं पत्र सरांना पाठ आहे. 'आई जाताना म्हणाली, हरीला बोलावू नका, त्याचं शिकवणं मोडेल.' म्हणून ते आले नाहीत. दुसरी कादंबरी त्या वाक्यावर लिहिली. त्या कादंबरीवर कायमची नोकरी मिळाली. दर वर्षी वर्गात पहिल्या दिवशी तेच वाक्य वाचून दाखवतात.

सरांनी चष्मा काढला. "मी त्या एका वाक्यावर उभा आहे, कैलास."

टाइप केलं. बैल बाबांचा, मग हे वाक्य कोणाचं? वीस तारखेला फाइल प्रकाशकाकडे जाणार. त्याच्या आत कळायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाड्यावर गेलो. पुस्तकासाठी एक साल पक्कं करायचंय अशी आत्याला थाप मारली. ठमाआत्या तांदूळ निवडत होती. आधी मी किती वाळलो ते बोलून झालं, मग लग्नाचं. मग मी तिला आईच्या शेवटच्या दिवसांचं विचारलं.

तिचे हात थांबले. "आय आठ दिस येकच बोलत व्हती रं. हरी आला का? हरी आला का? त्याच लिव, म्हनलं तुज्या बापसाला. त्यानं लिवलं, मना वाचून बी दाखवलं. बरोबर व्हतं."

म्हणजे बाबांनी वाचलं एक आणि लिहिलं एक.

१७ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. बराच वेळ रजिस्टरमध्ये रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "म्हातारी गेलेली. पत्र पोचायला पंधरा दिवस. 'आला का' वाचून त्याने काय करायचं होतं?"

सरांना सांगू का, म्हटलं.

"तुला टायपिंगला ठेवलंय ना?"

१८ फेब्रुवारी

सांगायला तोंड उघडलं. सर म्हणाले, काय? मी म्हणालो, पान ११४ वरची तारीख तपासायची आहे. तारीख बरोबर होती.

पण पुस्तक छापलं गेलं की ते खोटं वाक्य कायमचं होणार. आणि ठमाआत्याला कोणी वाचून दाखवलं तर? उद्या नक्की सांगायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकात फोटो टाकायला सरांनी त्यांच्या नेमणुकीचं पत्र स्कॅन करायला दिलं. प्लास्टिकच्या त्याच कव्हरात, पत्राच्या मागे एक तार होती. इंग्रजीत, ५ मे १९९३ची. आई वाट बघते आहे, सारखी तुझं नाव घेते, ताबडतोब निघ. पाठवणाऱ्याचं नाव – चांगो. माझे बाबा. निळ्या पत्राच्या नऊ दिवस आधीची.

सरांपुढे ठेवली. त्यांनी वाचली नाही, नुसती बघितली. "हे पुस्तकात नको," म्हणाले. "सातवं प्रकरण आहे तसंच जाऊ दे."

मी फाइल सेव्ह केली.