टेरीकॉटच्या बाह्या

आई,

आज पडवळ चिरलं तर आतून अळी निघाली. बाजारातलंच होतं, फेकून दिलं असतं तरी चाललं असतं. पण मी सुरी खाली ठेवली आणि लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तूच लागतेस.

ऐंशीच्या दशकातलं आपलं मुलुंड. बैठ्या चाळीतली शेवटची खोली आणि मागे, न्हाणीचं पाणी जायचं तिथे, जमिनीचा एक तुकडा. बाबा दर मृगाला तिथे पडवळाच्या बिया टोकायचे, बांबूचा मांडव घालायचे. कंपनीतून आले की चहाच्या आधी वेलीकडे. मावा दिसला की राख उधळायची, तंबाखूचं पाणी शिंपडायचं. माशीने टोचलेलं फळ गळलं की ते साबणाच्या पाण्यात बुडवायचं. "कचऱ्यात टाकू नको गं, अळ्या परत वेलीवर येतात," हे मला दर वर्षी नव्याने सांगायचे. त्या वर्षी वेल मांडवावर चढली आणि बाबा कंपनीत मशीनजवळच कोसळले. घरी आणलं ते आणायचं म्हणून.

तेरावं झालं आणि वेलीला फळं धरली. बोटभर पडवळं पिवळी पडून वाकडी व्हायची, आत अळ्या. माशी टोचू नये म्हणून तू आधी फळांवर वर्तमानपत्राची पुंगळी करून बांधलीस, पावसाने तिचा लगदा केला. प्लास्टिकच्या पिशव्यांत फळं घामेजून कुजली. जुन्या साडीच्या चिंध्या दिवसदिवस ओल्याच. मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तर तू बाबांचे शर्ट जमिनीवर पसरून बसली होतीस, हातात कात्री. लग्नाकार्यात घालायचे, फुल बाह्यांचे, टेरीकॉटचे. दोन शर्टांच्या बाह्या कापूनही झाल्या होत्या.

"आई, काय करतेस हे? वेड लागलंय का तुला?"

"टेरीकॉट पाणी धरणा नाय. झटक्यात सुकता."

"एक तरी ठेव ना मला! बाबांचं दुसरं काय आहे आपल्याकडे?"

तू मान वर केली नाहीस. "शर्ट दुकानात गावतत गो. ही वेल तेंच्या हातची आसा. ती किड्यांका घालू?"

मी रागाने तुझ्याशी बोलणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी मांडवाखाली बाह्या लोंबत होत्या, प्रत्येकीत एक पडवळ, वर नाडी बांधलेली, खाली कफचं बटण लावलेलं. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "अहो, कोणाला तरी देऊन टाकायचे ना, हे काय ध्यान!" तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. वारा सुटला की बाह्या हलायच्या, आणि मला अक्षरशः भीती वाटायची. पण रोज सकाळी तू एकेक बटण काढून आत बघायचीस, पुन्हा लावायचीस, कफ नीट करायचीस. कुठे जायचं असलं की बाबा हात पुढे करायचे आणि त्यांची बटणं तूच लावायचीस, हे मला एकदम आठवलं. त्यानंतर माझा राग टिकला नाही. मीही मांडवाखाली येऊन उभी राहायला लागले.

पहिलं पडवळ काढलं ते लांबसडक, कुठे टोचल्याचा डाग नाही. तू ते दोन्ही हातांनी आत आणलंस. चण्याची डाळ घालून, वर ओलं खोबरं पेरून भाजी केलीस. आधी बाबांच्या फोटोपुढे वाटी ठेवलीस, मग माझ्या ताटात वाढलंस, मग स्वतःला घेतलंस. मी पहिला घास घेतला आणि तुझ्याकडे बघितलं. तू खाली बघून जेवत होतीस.

"मीठ बरा आसा मां?"

"हो. छान झालीय."

"घेतंस आणखी?"

मी ताट पुढे केलं. आपण दोघींनी मिळून टोप पुसून संपवला. त्या भाजीवर आपण पुन्हा कधी बोललो नाही, आणि हे लिहिलेलंही माझ्याकडेच राहणार आहे, म्हणून आता सांगते.

आई, ते पडवळ कडूजहर होतं. तुलाही लागलं होतं ना?