डाव्या हाताची दुरुस्ती

४ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मामीचं, मजकूर माझा. झटक्यानंतर उजवा हात अजून रुसलेलाच आहे. डॉक्टर म्हणतात, डाव्याला कामाला लावा. आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले ते उजव्याने. या वयात डावा काय दिवे लावणार? शाईची पेनं मामीने धुऊन ठेवून दिलीत.

जुन्या कॅल्क्युलेटरांचं कपाटही विकायचं ठरवलंय. हँडल फिरवायची यंत्रं, लाल आकड्यांची, हिरव्या आकड्यांची, सगळी. जी आता उघडून दुरुस्त करता येत नाहीत ती नुसती बघत बसणं मला जमायचं नाही. महिनाअखेरीस एक संग्राहक येतोय. त्यातलं तुला काय हवं ते कळव.

(मी मामी. हे दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. मला कपाटाचा त्रास कधीच नव्हता, त्रास होता यांच्या बडबडीचा. ती थांबली तर जीव घाबरतो. हे त्यांनी सांगितलेलं नाही, माझं मीच घातलंय.)

आशीर्वाद आहेतच,
मामा

९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मला त्यातलं काही नको. कपाटासकट तुम्ही हवे आहात.

सोबतच्या खोक्यात हिरव्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर आहे. जुन्या बाजारात दिसला आणि रूपाला भुलले. नवे सेल घातले तरी ढिम्म. जोड तपासले, वायरी तपासल्या, दोन संध्याकाळी डोकं धरून बसले. अख्ख्या इमारतींच्या लिफ्ट चालू करणारी मी, याच्यापुढे हात टेकले. संग्राहक येण्याआधी एवढा बघाल? तुमचा डावा हात माझ्या दोन्ही हातांना भारी आहे. हे आजवर तोंडावर बोलले नाही, कारण तुम्ही डोक्यावर चढून बसला असता.

मामीस नमस्कार. लोभ असू द्या, विक्रीची घाई नको.
खटपट

२० मार्च

चि. खटपटीस,
अ. आ.

हे अक्षर माझं, डाव्या हाताचं. नुकत्याच लिहिलेल्या ओल्या शाईवरूनच हात सरकतो, म्हणून पान असं माखलंय. ओळ झाली की मामी टीपकागद दाबते.

स्क्रू काढण्यात सकाळ गेली. मामीने विजेरी धरली. मी तिच्यावर ओरडलो, ती माझ्यावर. फार मजा आली. आत बघतो तर सगळं ठणठणीत! सेल तू घातलेले, म्हणून तिकडे आधी बघितलंच नव्हतं. ते उलटे! फिरवले आणि हिरवे आकडे लख्ख पेटले.

मग उमगलं. लिफ्टवाली बाई सेल उलटे घालेल? मामाला कामाला लावायची युक्ती! लबाड कुठली. मला रडू आलं. मामी सांगेलच, म्हणून मीच सांगतो.

संग्राहकाला येऊ नका म्हणून कळवलंय. आता खरंच बिघडलेलं काहीतरी पाठव.
मामा

२५ मार्च

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. मामांचं माखलेलं पान मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं आणि मग जिन्यात जाऊन पोटभर रडले.

युक्ती कसली डोंबलाची! सेल मी खरंच उलटे घातले होते. आतल्या अधिक-उण्याच्या खुणा पुसून गेल्या होत्या, सवयीने बसवले आणि वायरींना दोष देत बसले. मामांना यातलं काही कळू देऊ नकोस, नाहीतर पुढची वीस वर्षं मला चिडवतील.

नाही, थांब. सांगूनच टाक. चिडवू देत वीस वर्षं. मला ती सगळी हवी आहेत.

आहे तसाच लोभ असू दे,
खटपट