न विचारता घेतलेली माफी

रेथिम्नो, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय गारिफालियाताई,

कशी आहेस? तिकडे हान्या शहरात थंडी पडली का? इथे ऑलिव्ह यंदा बरी लागलीत. आईचा गुडघा सोडला तर घरी सगळे धडधाकट आहेत.

माझ्या गाण्याची कॅसेट तुझ्या कानावर आलीच असेल. बसवालेसुद्धा लावतात. भावाने बहिणीला केलेली विनवणी म्हणून बायका डोळे पुसतात. मला वाटायचं, चला, ताईपर्यंत पोचलं; आता ती बोलावेल. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

मागच्या रविवारी एका बाप्तिस्म्याच्या जेवणात मी तेच गाणं म्हटलं. देस्पिनिओमावशी शेजारी होती. म्हणाली, "मेल्या, गळा सोन्याचा आहे तुझा. पण शेवटच्या कडव्यात गारिफालिया तुला पोटाशी धरते, ती कधी रे? मला नाही कुणी कळवलं."

आता खरं लिहितो, ताई. आठ वर्षांपूर्वी पांडेलिसच्या लग्नात आम्ही पुरुष आळीपाळीने दोन-दोन ओळी जुळवून गात होतो. स्त्रातिसने माझ्यावर रोख धरला, 'तुमच्या घरी ताईच्या लग्नाची लायरा कधी वाजणार?' उलट उत्तर न देणाऱ्याचं वर्षभर गावात हसं होतं, तुला ठाऊक आहे. वादक फेर संपवत आला, मला काही सुचेना. सुचलं ते तुझं.

ताईच्या पेटीत लग्नाचा झगा,
नवरदेव मेलबर्नला बाप झाला बघा.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने तिकडे संसार थाटल्याचं ते पत्र तू फक्त मला दाखवलं होतंस, आईलाही नाही. तू भाताची परात घेऊन समोरच उभी होतीस. लोक टेबलं बडवत होते, आणि लिहायलाही लाज वाटते, मला बरं वाटलं. यमक जमलं होतं.

तू गाव सोडलंस. मी काय केलं? आणखी एक गाणं केलं. शेवटी तुझ्या तोंडी घातलं, 'ये रे वेड्या, विसरले मी सारं.' तू असं कधी म्हणाली नाहीस. तुझी माफी मीच लिहिली, मीच गायली, आणि तिच्यावर टाळ्या घेतल्या. याची मला त्या दोन ओळींपेक्षाही जास्त शरम वाटते.

ते कडवं आता गात नाही. लोक म्हणतात, "पुढचं म्हण की." मी सांगतो, पुढचं अजून घडलेलं नाही.

गुरुवारी पहिल्या बसने येतोय, लायरा न घेता. तुझ्या दारात उभा राहून एकच वाक्य बोलेन, साधं, यमकाशिवाय. मग तू दार लावून घेतलंस तरी त्याचं गाणं करणार नाही.

तुझं गुपित विकलेला, तरी तुझाच धाकटा,
सिफिस