पेल्यातल्या दोन सिरिंजा

कोरगाव, मंगळवार, दिवेलागण

सून कामावर जाताना आम्हा दोघांचं संध्याकाळचं इन्सुलिन भरून फ्रीजमधल्या पेल्यात ठेवते. डावी सिरिंज माझी, उजवी हिची. औषधं वेगळी, दिसायला मात्र सारखी. आज पेलाच फिरलेला.

"बांगडे ठेवताना मीच फिरवला. टोचा बेगीन, पेज निवता," ही घाई करत म्हणाली. "आपल्यात तुझं-माझं कधी होतं?"

हसलो, पण टोचलं नाही. माझी हिला टोचली असती, आणि ही झोपेतून उठलीच नसती तर? दोन्ही फेकल्या. सून आल्यावर नव्या भरून घेतल्या.

शाळेत कविता कितीही सुरेख उतरवली तरी नाव नसलेली वही गुरुजी परत करीत. उद्यापासून सून भरील तेव्हाच मी चिकटपट्टी लावीन: नाव, औषध, वेळ. पेला मग हवा तसा फिरो.

हिचं नाव उभ्या संसारात मी कधी लिहिलं नाही. आता रोज लिहीन.