ओतिलियाचा निवडुंग फुलेना

३ मार्च
विचारून टाकलं एकदाचं. ओतिलिया मक्याच्या गोर्दिता थापत होती. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "अंगणातला बिस्नागा फुलला, की करू लग्न." मी खूश. निवडुंगच तो, फुलेल की.

४ मार्च
बघून आलो. पिंपापेक्षा जाड, माझ्याहून हातभर उंच — माझ्याहून उंच असायला फार काही लागत नाही म्हणा. भोवती फिरलो. नुसते काटे. तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या आईला, दोन्या पेत्राला, विचारलं, वाढतो किती? "वर्षाला नखभर. माझ्या आजीच्या लग्नातही जवळपास एवढाच होता."
मी बंदरगावचा माणूस, मला निवडुंगातलं काय कळणार; पण एवढा हळू वाढतो तर फुलणार कधी? म्हणजे नकारच दिला की काय हिने?

१९ मार्च
दोन बादल्या पाणी घातलं. म्हातारी काठी घेऊन धावली. "कुजवतोस का मेल्या? वाळवंटातलं झाड आहे, तुझा मासा नाही!"

२१ एप्रिल
गाणं म्हणून पाहिलं. शेळ्या जमल्या. ओतिलियाने दार लावून घेतलं.

११ मे
एउसेबिओ न्हावी हल्ली ओतिलियाकडे दिवसातून दोनदा जेवतो. म्हातारी मला म्हणाली, "तो उंच आहे हो." म्हणजे काय, विचारलं. नुसती हसत बसली.

१२ मे
कागदाची पिवळी फुलं केली. डिंक घेतला, चर्चची शिडी मागून आणली. ओतिलिया बाजारात गेलेली. चढलो.
माथ्यावर पांढरी लोकर, आणि लोकरीत फुलं. पिवळीधमक. खरी! मधमाश्या घोंगावतायत. कडेला गेल्या सालची वाळकी फुलं. मी हातात कागद घेऊन तसाच उभा. मग तोल गेला.
पुढचं लिहवत नाही.

१३ मे
पालथा पडून लिहितोय. दोन्या पेत्रा चिमट्याने काटे उपटतेय. "हा खोल गेलाय. हलू नकोस, बाबा."
ओतिलिया शेजारी बसून होती. मी म्हटलं, "हा दरवर्षी फुलतो?"
"दर उन्हाळ्यात. फुलं माथ्यावरच येतात. छपरावरून दिसतात की."
"मग सांगितलं का नाहीस?"
उठून स्वयंपाकघरात गेली. डोळे लाल होते — की मिरची परतत होती?

१४ मे
आत्ता येऊन म्हणाली, "'फुलला की' म्हणजे मी एप्रिलातच म्हणत होते रे. पाद्रीबाबांकडून तारीखही घेतली होती. त्या दिवशी तू आलास, मला वाटलं फुलं बघूनच आलास; तर गाणं म्हटलंस, आणि घरी निघून गेलास."