मामाजीच्या खाटेवरची मांजर

कुरखेडा
२० ऑगस्ट २०२४

सौ. साक्षीबाई यांना रंजीताचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे तुम्ही आणि जावईबापू बरे असान. आजकाल पत्र कोण लिहिते म्हणून हसू नका. तुमच्या मोबाईलवर माझा नंबर लागत नाई. तुमच्या भावाचा लागते, पण ते स्पीकर चालू ठेवून बाजूले बसते. म्हणून बुधूच्या हातानं पाठवून राह्यली. तो सिमेंटचा ट्रक घेऊन घुग्घुसलेच येते-जाते, तुमच्या क्वार्टरवर देऊन देईन.

धानाचा रोवणा आटोपला. नदीकाठच्या बांध्या पुरात गेल्या होत्या, त्या परत रोवाव्या लागल्या. कंबर अजून सरळ होत नाई. वांगे लागले आहेत, बुधूसोबत थोडे पाठवले.

परवा तुम्ही भावाले फोनवर विचारलं, "सुंदरी कशी आहे?" बाबा कसे आहेत ते त्याच्या मागून विचारलं. मी गॅसपाशीच होती. माझं कोणी विचारावं अशी माझी काही तक्रार नाई.

तर सुंदरी गेली. आपल्या मनानं गेली. मांजर घराची असते, माणसाची नसते म्हणते. कंटाळली असन. मी मागचं दार उघडंच ठेवते.

साक्षीबाई, एक गोष्ट विचारू का? रागवू नका. मागच्या दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेले तुम्ही तिले ओढणीत गुंडाळून आणली, मामाजीच्या मांडीत ठेवली आणि पाहुण्याईसमोर म्हणाल्या, "आता बाबाचं मन रमेल, आणि वहिनीचे उंदीरही जातील." दुसऱ्या दिवशी तुम्ही बसनं गेल्या. लकवा झालेल्या बापाची सेवा करासाठी पोरीनं मांजर ठेवून द्यावी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. असो.

उंदीर गेले नाई. बियाण्याचं पोतं कुरतडलं, कोठीच्या बुडाले भोक पाडलं. उंदीर तिच्यासमोरून जाये तर ती मान वळवून पाहे, जसा गल्लीतून पाहुणा चालला. मामाजी आपल्या ताटातलं माशाचं डोकं तिले देत. ती खाटेखाली घाण करे, मामाजी खाटेवर. घाण दोघाईची, हात माझे.

कुत्रा राखण करते, बिबट आला तर गाव जागवते. कोंबडी अंडे देते. बकरी अडीनडीले विकता येते. बैलाले पोळ्याले पुरणपोळी भेटते, कारण तो वर्षभर राबलेला असते. मांजर कोणत्या कामाची? तिच्या मनात आलं तर मांडीत येऊन बसते, नाई आलं तर नाई.

मामाजीची जीभ लकव्यानं जड झालेली, त्यायले 'सुंदरी' म्हणता येत नाई, 'उंदरी' म्हणत. आपला वाकडा झालेला उजवा हात तिच्या पाठीवर ठेवून हळूहळू सरकवत. डॉक्टरनं त्याच हाताचा व्यायाम सांगितला होता. मी सांगून थकली, कधी केला नाई. तिच्या पाठीवर केला. हे खरं आहे म्हणून लिहिते.

ती गेल्यापासून मामाजी जेवत नाई. पेज तोंडाशी नेली की ओठ मिटून घेते आणि दाराकडे पाहते. तुम्ही पोळ्याले दोन दिवस येऊन जा. तुमच्या हातानं खातीन.

तुमची वहिनी,
रंजीता


घुग्घुस
३० ऑगस्ट २०२४

रंजीता वहिनीस,

पत्र मिळालं, वांगी मिळाली. अर्धी किडकी होती. तुझं अक्षर अजून आठवीतल्या पोरीसारखं आहे.

सुंदरी गेलेली नाही, तू तिला घालवलीस. मी दादाला फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिलेच विचार." मला तेवढ्यात समजलं. प्रणितदादाला खोटं बोलता येत नाही. त्याला खरंही बोलता येत नाही, ते वेगळं.

मांजर कोणत्या कामाची, असं विचारतेस? कोणत्याच नाही. म्हणूनच मी तिला आणली होती. बाबांच्या भोवती सगळी कामाचीच माणसं आहेत. तू त्यांना उचलतेस, पुसतेस, भरवतेस, सगळं वेळच्या वेळी, धानाचं पोतं इकडून तिकडे ठेवावं तसं. मंडईला आले तेव्हा मी बसून पाहिलं. त्यांच्या तोंडात घास देताना तू गॅसवरच्या दुधाकडे बघत होतीस. त्यांच्याशी शेवटचं कधी बोललीस? "तोंड उघडा" आणि "कूस बदला" सोडून?

आणि आता कामाचं काय नि बिनकामाचं काय हे तू मला शिकवायला निघालीस, म्हणून एक गोष्ट सांगते. तुला बघून घरी आलो त्या दिवशी आई काय म्हणाली होती, माहीत आहे? म्हणाली, "पोरगी दिसाले काही नाई, चार शब्द धड बोलत नाई, पण हात मजबूत आहे. रोवण्याले बरी." आम्ही तुझे हात पाहून तुला आणली, वहिनी. चेहरा कोणी पाहिलाच नव्हता. दादाने तर फोटोही मागितला नाही. तेव्हा ते हात चालव, आणि मांजरीचा हेवा करणं सोड. एका जनावराला कोणी मांडीवर घेतलं तर तुझ्या पोटात का दुखावं?

पोळ्याला येणं जमणार नाही. ह्यांच्या शिफ्ट बदलत्या असतात, आणि इथल्या धुळीने मला खोकला झाला आहे. पावसात प्रवास नको म्हणाले डॉक्टर.

सुंदरीला शोधून आण. ती आली की बाबा आपोआप जेवतील. मग माझी गरज पडणार नाही.

साक्षी


कुरखेडा
६ ऑक्टोबर २०२४

साक्षी,

आजपासून तू. वयानं मी मोठी, तरी इतके वर्ष 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत आली. मामाजीसाठी म्हणत होती. ते गेले.

तू तेरवीचं जेवण झालं आणि गेली. आल्या दिवशी तू ओसरीत अशी रडली की शेजारच्या आशाबाईनं तुले धरलं, कोणी पाणी आणलं, कोणी कांदा हुंगवला. मग तू सगळ्याईसमोर मले विचारलं, "वहिनी, बाबा शेवटी काय म्हणाले?" मी म्हटलं, "तुमचं नाव घेतलं." तू अजून रडली. बाया म्हणाल्या, पोरीचा जीव तो पोरीचाच जीव. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, सुनेच्या डोळ्यात टिपूस नाई.

नाव घेतलं नाई. लोकाईसमोर तसं सांगा लागते म्हणून सांगितलं. काय झालं ते आता लिहिते.

श्रावणात एक दिवस चुलीवरून पेजेचा भरलेला गंज उतरवताना माझ्या हातून सुटला. उकळती पेज मनगटापासून कोपरापर्यंत सांडली. मी ओरडली. मामाजीनं मान वळवली. मले वाटलं, आता विचारतीन. ते घाबरून म्हणाले, "उंदरी! उंदरी!" ती चुलीच्या बाजूले झोपली होती, तिच्यावर उडाली का ते पाहून राह्यले होते. तिच्यावर थेंब बी उडाला नव्हता.

हाताले फोड आले. त्याच हातानं मी तिले पोत्यात घातलं आणि स्कुटीवर समोर ठेवलं. तुझा भाऊ अंगणातच उभा होता. पोतं हलून राह्यलं होतं. त्यानं पाहिलं आणि विचारलं, "गाडीत पेट्रोल आहे का?" बस, एवढंच विचारलं.

नदीच्या पुलापलीकडे, जंगल लागते तिथं मी पोतं उघडलं. ती पळाली नाई. तिथंच बसून पंजा चाटू लागली, जशी मी तिले फिरायले आणली. मी पाय आपटला. ती माझ्याकडे पाहून म्याऊ म्हणाली. मग मी गोटा उचलून मारला. मागच्या पायाले लागला. तेव्हा गेली.

घरी येऊन मामाजीले म्हटलं, "गेली. तुमची पोरगी गेली तशीच." त्यायनं भिताडाकडे तोंड केलं. जेवण सोडलं ते तेव्हापासून.

मग तुझं पत्र आलं. ते मी शेतात बांधीच्या पाळीवर बसून वाचलं. हात पाहून आणली, ते बी वाचलं. राग आला म्हणशील तर नाई आला. मले ते माहीतच होतं. फक्त कोणी लिहून दिलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मागच्या दाराशी ओरडणं ऐकू आलं. ती परत आली होती. फटीतून पाहिलं तर हाडं निघाले होते, मागचा पाय टेकत नव्हती. पूर उतरला तशी पुलावरून आली असन. कशी आली, तिचं तिले माहीत. मी दाराले कडी लावली आणि दारासमोरच सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. तुझं पत्र आलं नसतं तर मी दार उघडलं असतं का? माहीत नाई. ते तुझ्यावर टाकत नाई. पण तू मनात ठेव.

मामाजीनं आवाज ओळखला. खाटेवरून म्हणाले, "उंदरी."

मी म्हटलं, "शेजारची आहे."

ती अजून ओरडली. ते बी अजून म्हणाले.

मी म्हटलं, "ती मेली, मामाजी. बिबट्यानं नेली."

त्यायनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे पाहतात तसं नाई, दारात आडव्या पडलेल्या लाकडाकडे पाहतात तसं. मग पाय खाली सोडले. जो माणूस माझ्या मदतीशिवाय कूस बदलत नव्हता, तो भिताड धरून उभा राह्यला. मी समोरच होती. माझ्या मांडीवरचं सूप खाली ठेवाचं, एवढंच काम होतं. मी ठेवलं नाई. मले पाहाचं होतं, हा माणूस मांजरीसाठी किती चालते. मी दवाखान्यात नेताना, "दोन पावलं टाका मामाजी, माझी कंबर मोडून राह्यली" म्हणे, तेव्हा एक टाकलं नव्हतं.

ते उंबऱ्यापर्यंत आले आणि पडले. खुब्याच्या हाडाचा आवाज मले ऐकू आला. मोरीत घसरले, हे आम्ही लोकाईले सांगितलं.

मदतीले हाक माराले मी दार उघडलं, तर ती माझ्या पायातून आत शिरली आणि त्यायच्या छातीवर जाऊन बसली. त्यायनं वाकडा हात उचलून तिच्यावर ठेवला. हाड मोडलेला माणूस हसला, साक्षी. या घरात आल्यापासून मी त्यायचं हसणं पाहिलं नव्हतं. गाडी आली तेव्हा तिले ओढून काढा लागलं, तिचे नखं बनियनमध्ये अडकले होते.

गडचिरोलीच्या दवाखान्यात ते पंखा पाहत पडले राह्यले. तुझं नाव घेतलं नाई, माझं नाई, पोराचं नाई. 'उंदरी' बी म्हणाले नाई. एक दिवस पाहणं बंद झालं. मी रडली नाई कारण मले झोप आली होती. किती वर्षानंतर मी बसल्या जागी झोपली. नर्सनं उठवून सांगितलं की बॉडी न्या.

निघताना मी तुले म्हटलं, "सुंदरीले नेता का?" तू म्हणाली, "क्वार्टर लहान आहे वहिनी, ह्यांना केस चालत नाहीत. राहू दे, उंदीर तरी मारेल." मग तू बाबाचा रेडिओ नेला, आईची पितळेची परात नेली. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. बायाईले वाटलं, रडली एकदाची.

ती आता उघड्या खाटेवर पडून राहते. उंदीर मारत नाई. काल मी दुपारी बसली होती तर माझ्या मांडीत आली. मी ढकललं, परत आली. ज्या हातानं गोटा मारला तोच हात चाटत बसली. भाजलेल्या जागी तिची जीभ खरखरीत लागते. तिले काहीच समजत नाई. मी तशीच बसून राह्यली, दूध उतू गेलं तरी उठली नाई.

मग मले भेव वाटलं. मले या घरात कोणी असंच, कामाबिगर, जवळ घेतलं नाई. आता त्याची सवय लागली तर उद्या सकाळी उठून या लोकाईचं करणं माझ्याच्यानं होणार नाई. तुझा भाऊ म्हणते, राहू दे ना, काय खाते ती. मी त्याले म्हटलं, तुमी पेट्रोल पाहा.

म्हणून तिले पाठवून राह्यली. बुधू ट्रकमधून आणून देईन. खोक्याले भोकं पाडले आहेत. सकाळपासून काही खाऊ घातलं नाई, गाडीत घाण करन म्हणून, तर तिले भूक लागली असन. बुधूले सांगितलं आहे, परत आणू नको. तू घेतलं नाई तर तो खोका उघडून तुझ्या क्वार्टरसमोरच्या रस्त्याच्या कडेले ठेवून जाईन. त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक कसे चालते, ते तुले माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती लंगडी आहे, आणि पळावं कधी ते तिले अजून समजत नाई.

बुधूले खेप आहे, तो जास्त वेळ थांबणार नाई.

तुझी कोणी नाई,
रंजीता