चालीबद्दल समक्ष बोलू

१ फेब्रुवारी १९५३, रविवार. कल्याण.

आज चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, २९ मार्चला संध्याकाळी गायनसेवा. यंदा गीतं मंडळीतल्याच कुणीतरी रचलेली हवीत. ‘कुणीतरी’ म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. निदान आमच्या बाकाकडे. बाकावर मी, सुमती, उत्तरा आणि शेजारी खांब.

संकल्प: एक, सात गीतं. शब्द माझे, चाली माझ्या, पेटीवर मी. दोन, तपकीर बंद. तीन, गीतं आधी जाणकारांना ऐकवायची, अभिप्राय घ्यायचे आणि ते नम्रपणे स्वीकारायचे. विश्राम बोर्डे टीकेला घाबरत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी सहा.

पहिलं गीत झालं. ‘धूळ उडे वाटेवर, शिंगरू चाले हळू.’ सुमती वाल सोलत होती, तिला गाऊन दाखवलं. म्हणाली, छान आहे. उत्तरा म्हणाली, बाबा, आई छान नाही म्हणाली, आवाजात ताण आहे म्हणाली. सुमती पहिल्यापासून छातीतल्या छातीत बोलते. लग्न झालं तेव्हा मला तो विनय वाटला होता.

तपकीर घेतली. एकदाच.

८ फेब्रुवारी, रविवार.

हल्ली माणसं पुटपुटतात. अख्ख्या कल्याणात कुणाला तोंड उघडून बोलायची सवय राहिलेली नाही. त्यामुळे अभिप्रायासाठी एक वही केली. ज्याला गीत ऐकवायचं त्याने त्यात लिहायचं. लेखी काम पक्कं.

पहिला मान हरिहर मास्तरांना. ते मराठी शाळेत शिकवतात आणि आमचं क्वायर सांभाळतात. त्यांनी वहीत लिहिलं: ‘शब्द भावपूर्ण. चालीबद्दल समक्ष बोलू.’

समक्ष बोलले. चर्चच्या व्हरांड्यात चांगली दहा मिनिटं. बाजूला संडेस्कूलची मुलं कालवा करत होती, त्यात निम्मं गेलं. पण हात हलवून हलवून इतकं सांगत होते की चाल आवडलीच असणार. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. शेवटी ते जरा चकित झालेले दिसले. एवढा नम्र कवी त्यांनी पाहिला नसेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

ऑफिसात कटकट. बावीस वर्षं मी या स्टेशनात तारबाबू आहे. यंत्राची कट-कडकट कानाने ऐकायची आणि अक्षरं लिहून काढायची, हेच माझं काम. झोपेतसुद्धा करीन. पण नवं यंत्र फार मऊ वाजतं. मी त्याच्यामागे सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा लावून ठेवला आहे, म्हणजे आवाज घुमतो. यात काही विशेष नाही, पुष्कळ जण लावतात. आमच्यात कुणी लावत नाही, ही गोष्ट वेगळी.

आज मालगाडीच्या एका वाघिणीचा नंबर चुकला. माल इगतपुरीला जायचा तो भलतीकडे गेला. शेजारच्या टेबलावरचा मधु साहेबांना म्हणाला की लाइन खराब होती. चांगला मुलगा आहे, तीन लेकरांचा बाप असून मी त्याला मुलगाच म्हणतो. लाइन खराब होतीच. मलाही तसंच वाटतं.

गीतं पाच पुरेत. सात म्हणजे मंडळीवर भार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

उत्तराने सुचवलं, कान डॉक्टरांना दाखवू या. मी म्हटलं सर्दी आहे. खाडीचा वारा. सुमतीने लसूण घालून तेल कढवलं, दोन्ही कानांत घातलं. आता मला सतत लसणाचा वास येतो आणि ऐकू पूर्वीइतकंच येतं, म्हणजे उत्तम.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी नऊ.

दगडाबाई कोळीण दारात मासळी घेऊन आली. मनात आलं, अभिप्राय फक्त शिकलेल्यांचाच का? तिला ओट्यावर बसवून तिसरं गीत ऐकवलं, वधस्तंभापाशी उभ्या असलेल्या मरीयेचं. ‘करुणामयी जननी निस्तब्ध’ असं सुरू होतं. दगडाबाईने टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि विचारलं, ‘पोराला वरती टांगलाय, न त्याचे आयशीला पानी कोनी दिला का नाय?’

शब्द न् शब्द ऐकू आला. कल्याणात स्वच्छ बोलणारी एवढी एकच बाई आहे.

मी तिला समजावलं की शास्त्रात पाण्याचा उल्लेख आहे तो वेगळ्या संदर्भात. ती म्हणाली, ‘शास्तर मना नाय ठाव. उनात हुबी हाय ना ती?’ मग सुमतीने बोंबील घेतले.

अडाणी प्रश्न. वहीत नोंदला नाही.

२१ फेब्रुवारी.

तिसरं गीत बदललं. सहज सुचलं:

सारे वर पाहती, खाली उभी माय,
तिच्या हाती पाणी कुणी दिलं काय.

कुठून सुचलं कोण जाणे. सुमतीला वाचायला दिलं. तिने कागद बराच वेळ हातात धरला, मग पदराने डोळे पुसले. कांदा चिरत होती. पण कांदा अजून विळीवर घेतलेला नव्हता.

३ मार्च, मंगळवार.

रजा टाकून ठाण्याला पाळकसाहेबांच्या घरी गेलो. उत्तरा सोबत आली. मी नको म्हणत होतो. वहीत साहेबांनी लिहिलं: ‘तिसरं गीत विशेष. मन हललं. चालींविषयी भेटीत बोलू.’ भेटीतच होतो, म्हणून लगेच बोललो. पेटीचा विषय निघाला तेव्हा ते अगदी स्पष्ट म्हणाले, ‘उत्तम वाजेल.’ मी आभार मानले. उत्तरा खाली बघत होती. लाजाळू आहे, आईवर गेली.

परत येताना कळव्याच्या खाडीवर तिने काहीतरी सांगितलं. पुलाचा आवाज होता. मी हो म्हटलं.

८ मार्च, रविवार. तालीम पहिली.

क्वायर मागे रेंगाळतं. मी ओळ संपवून पुढच्या ओळीवर जातो तेव्हा हे अजून ‘शिंगरू’वर असतात. मी जोरात वाजवून त्यांना ओढायचा प्रयत्न केला. हरिहर मास्तर दोन्ही हात वर करून उभे राहिले. मला वाटलं आशीर्वाद देतात. ते थांबा म्हणत होते. वरच्या पट्टीत गाणाऱ्या दोघीजणी हसल्या. शिस्त नाही.

गीतं तीनच घ्यायची असं मास्तरांनी कागदावर लिहून दिलं. मीही तेच म्हणणार होतो. त्रैक्य.

१३ मार्च, शुक्रवार.

एक गंभीर गोष्ट. उत्तरा रोज संध्याकाळी हरिहर मास्तरांच्या घरी जाते. तासभर बसते. मास्तरांचा पुतण्या आनंद हल्ली त्यांच्याकडेच राहायला आहे. पोस्टात आहे, केस मागे वळवतो. सुमतीला विचारलं, ठाऊक होतं का. ती पुटपुटली. मी उत्तराला स्पष्ट सांगितलं, उद्यापासून जायचं नाही. एकोणीस वर्षांची मुलगी. मी कडक बाप नाही, पण कडक व्हायची वेळ आली तर होऊ शकतो हे आज सिद्ध झालं.

१५ मार्च, रविवार. दुपार.

उत्तरा जेवणानंतर माझ्यासमोर येऊन बसली. अगदी गुडघ्याला गुडघा लावून. तोंड कानाजवळ आणलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, ‘बाबा. मास्तर मला पेटी शिकवतात. गायनसेवेत मी वाजवणार आहे. पाळकसाहेब तुम्हाला तेच म्हणाले होते. उत्तरा वाजवेल.’

सगळं ऐकू आलं.

मी विचारलं, का. ती म्हणाली, ‘तुम्हाला सूर ऐकू येत नाही. क्वायर एका पट्टीत गातं, तुम्ही दुसऱ्या पट्टीत वाजवता. चाली मूळच्या वाईट नाहीत. दोन चाली तर पूर्वीच्या तुमच्या गाण्यांसारख्या गोड आहेत. पण तुम्ही वाजवता त्या त्या चाली नाहीत.’

सुमती दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, ती नाही म्हणेल म्हणून. तिने मान खाली घातली.

तपकीर घेतली. दोनदा.

१६ मार्च, सोमवार.

शांतपणे विचार केला. यामागे हरिहर मास्तर आहेत. पूर्वी तेच पेटी वाजवायचे, मी आल्यावर ती त्यांच्या हातून गेली. आता मुलीच्या आडून परत घेतात. उत्तरा भोळी आहे.

ऑफिसात पत्र आलं, १ एप्रिलला मेडिकल. डोळे आणि कान. रूटीन असतं. मधु म्हणाला, रूटीन नाही दादा, त्या वाघिणीमुळे आहे. मी सांगितलं, रूटीन आहे. नंतर पाहिलं तर माझ्या तारा तो आपल्या टेबलावर बसल्या बसल्या पेन्सिलीने उतरवून घेत होता आणि माझ्या लिहिण्याशी ताडून बघत होता. किती दिवस करतोय, विचारलं नाही.

२२ मार्च, रविवार.

तालमीला गेलो नाही. डोकं दुखत होतं. सुमती आणि उत्तरा गेल्या. घर शांत होतं. मी खुर्चीवर बसून तिसरं गीत मनातल्या मनात म्हटलं. मनात ते अगदी स्वच्छ वाजतं. पेटी, क्वायर, सगळं. एक स्वर इकडचा तिकडे नाही. मग लोक काय म्हणतात ते मला कळत नाही.

निर्णय: वाजवणार मीच. रचना माझी आहे. उत्तराला पानं उलटायला बसवीन, तेवढा तिचाही मान राहील.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार. दुपारी तीन.

गायनसेवा सहाला. मी आत्ताच निघतो. चर्चची किल्ली सेक्रेटरींकडून सकाळीच आणून ठेवली आहे. सुमतीने कोट झटकून दिला. काहीतरी विचारलं. मी म्हटलं, हो, जेवूनच निघालो. ती बघत राहिली. विचारलं दुसरंच असावं.

त्याच दिवशी. रात्री पावणेनऊ.

झालं. देवाची स्तुती असो.

तीनपासून पेटीच्या स्टुलावर बसलो होतो. उठलो नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. साडेपाचला हरिहर मास्तर आले, मला पाहून थबकले. पाळकसाहेब आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून काही बोलले. मी म्हटलं, होय साहेब, प्रार्थना करूनच बसलोय. उत्तरा आली. मी तिला खुणेने शेजारी बसायला सांगितलं. ती बसली. रडायच्या बेतात होती, पण बसली.

चर्च भरून वाहत होतं. उंबर्ड्याची, डोंबिवलीची माणसं आली होती. लहान मुलांच्या हातांत झावळ्या.

तिन्ही गीतं वाजवली. या वेळी मी क्वायरकडे बघत वाजवलं, त्यांच्या ओठांवर नजर ठेवून, म्हणून कुठेही पुढेमागे झालं नाही. भाता फार जड लागत होता. चामडं उन्हाने आखडलं असेल. दंड अजून दुखतोय. पण पेटी आज कधी नव्हे इतकी गोड वाजली. तिसऱ्या गीताला, ‘तिच्या हाती पाणी’ आलं तेव्हा, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी पाहिलं. शेवटी कुणी हललं नाही. पाळकसाहेब आशीर्वादासाठी उठायला विसरले.

बाहेर सगळ्यांनी हात हातात घेतले. हरिहर मास्तरांनीसुद्धा, दोन्ही हातांनी. आता कळलं असेल त्यांना.

उत्तरा वाटभर बोलली नाही. तिचा हिरमोड झाला असणार. उद्या समजूत घालीन. पुढच्या वर्षी एखादं गीत वाजवू देईन.

मेडिकलची भीती वाटत नाही. आज ज्याने असं वाजवलं त्याचे कान ठीकच आहेत.

३० मार्च, सोमवार. संध्याकाळी सहा.

ड्यूटीवरून येताना किल्ली द्यायला चर्चमध्ये गेलो. पेटी उघडीच राहिली होती. कापड घालावं म्हणून जवळ गेलो. हवा सुरांपर्यंत सोडायच्या पुढच्या पाचही खुंट्या आत होत्या. पूर्ण आत. त्या ओढल्याशिवाय पेटीतून हवा जात नाही, स्वर निघत नाही.

म्हटलं, नंतर कुणीतरी आत ढकलल्या असतील. घरी येऊन उत्तराला विचारलं. ती माझ्या शेजारी पाटावर बसली. सावकाश, मोठ्याने सांगितलं. नाही बाबा, पहिल्यापासून आत होत्या. तुम्ही ओढायला विसरलात. मी ओढायला हात पुढे केला होता, मास्तरांनी डोळ्यांनी नको म्हटलं. मग त्यांनी तोंडाने सूर दिला आणि सगळे तसेच गायले.

भाता जड का होता ते कळलं.

तिन्ही गीतं मी वाजवली, बोटं चुकू न देता. पाऊण तास. साऱ्या मंडळीने पाहिलं. कुणी हसलं नाही.

सुमती चहा ठेवून गेली. उत्तरा तशीच बसून होती. मी तिला विचारलं, मग पेटी नव्हती तेव्हा गाणी कशी वाटली. तिने उत्तर दिलं. लांबलचक दिलं, ओठ बराच वेळ हलत होते, मध्ये एकदा हसली.

मी म्हटलं, उत्तरा, मला ऐकू आलं नाही.